शिष्यवृत्तीची हजेरी कोण घेणार?

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

दरवर्षी आपल्या सूचनाफलकावर एक कागद लागतो. "ज्या विद्यार्थ्यांना गतवर्षी शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे त्यांनी नूतनीकरणाचे अर्ज त्वरित भरावेत. मुदतीनंतर आलेल्या अर्जांचा विचार केला जाणार नाही." चार दिवसांत हा कागद वाऱ्याने अर्धा सुटतो आणि आठव्या दिवशी त्याच्यावर एकांकिकेच्या तालमीची सूचना चढते. तुम्हा-आम्हांपैकी बहुतेकांनी तो नुसता पाहिला असेल. मी मात्र गेली दोन वर्षे तो वाचणाऱ्यांचे चेहरे वाचतो आहे, कारण माझ्या शेजारच्या बाकावरचा मित्र याच कागदापासून परत फिरला आणि पुन्हा महाविद्यालयात आला नाही.

त्याचे नाव सांगत नाही. त्याला ते आवडणार नाही. हमरापूर-जोह्याच्या बाजूचा मुलगा. पेण तालुक्यातील त्या पट्ट्यात घराघरात गणपती घडतात हे आपणांस सांगायला नको. जून उजाडला की कारखान्यांत दिवस आणि रात्र यांतला फरक मिटतो. हा मित्र डोळ्यांच्या आखणीत तरबेज आहे. मूर्ती कितीही सुबक असली तरी डोळे उघडल्याखेरीज ती देव होत नाही, आणि डोळे उघडणारा हात प्रत्येकाजवळ नसतो. त्यामुळे हंगामात त्याला मागणी. रात्री दोनपर्यंत आखणी करायची आणि सकाळी सातच्या तासाला येऊन बसायचे! प्राध्यापक महाशय फळ्याकडे वळले की हा डुलकी घेई, आणि त्याच्या वहीत माझ्या अक्षरांतले टिपण उतरे. द्वितीय वर्षाच्या पहिल्या सत्रात त्याला दोन विषयांत के.टी. लागली. गणपती गेले, मग तो नियमित येऊ लागला. दुसऱ्या सत्रात त्याची हजेरी माझ्याहून चांगली होती हे मी लाजत कबूल करतो. पण ते दोन विषय मागे राहिलेच.

पुढे जूनमध्ये कुणीतरी त्याला सांगितले, "के.टी. लागली म्हणजे शिष्यवृत्ती बंद." त्याने ते खरे मानले. अर्ज भरला नाही. प्रवेशही घेतला नाही. मी विचारले तेव्हा म्हणाला, "अरे, मिळणार नाही ते मागायला कशाला जायचे?"

मित्रहो, मिळणार होती! हेच या लेखाचे कारण आहे.

त्याला मिळत होती ती राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. तिच्या अटी मी नंतर मुद्दाम बसून वाचल्या. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असावे. एका कुटुंबातील दोनच अपत्यांना लाभ. मागील सत्रात किमान पन्नास टक्के हजेरी असावी. सत्रपरीक्षेस बसलेले असावे. अभ्यासक्रमाच्या काळात दोन वर्षे किंवा अधिक खंड पडलेला नसावा. या यादीत "सर्व विषयांत उत्तीर्ण" असे कोठे आहे? माझ्या मित्राने यांतली एकही अट मोडली नव्हती. नियमाने त्याला बाहेर काढले नाही. नियमाच्या भीतीने काढले.

आता कुणी म्हणेल, मग दोष त्याचाच. त्याने चौकशी का केली नाही? प्रश्न रास्त आहे. पण चौकशी करायची कोठे? अर्ज संगणकावर, अटी संगणकावर, त्याही अर्ध्या इंग्रजीत. कार्यालयाच्या खिडकीपुढे पन्नास जण उभे. खिडकीमागची मंडळी प्रवेश, परीक्षा, दाखले, सगळे एकाच वेळी सांभाळतात. त्यांना दूषण देण्याची माझी इच्छा नाही. परंतु आपल्याकडे शिष्यवृत्तीचा नियम हा कानगोष्टीच्या खेळासारखा एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जातो, आणि शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो तेव्हा त्याचे दान कमी आणि दटावणी जास्त झालेली असते.

ही दटावणी आली कोठून, याचा मी थोडा शोध घेतला. मला वाटते ती आपल्या एका शब्दातून आली. "शिष्यवृत्ती" हा शब्द आपण दोन अगदी निराळ्या गोष्टींसाठी वापरतो. मी रोह्याचा. (रोह्यास महाविद्यालय असता पेणला का, असे मला विचारतात. ती वेगळी कथा!) आमच्या रोह्यात लहानपणापासून ज्यांचे नाव कानी पडते ते चिंतामणराव देशमुख १९१२ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि त्यांना संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, देशाचे अर्थमंत्री झाले, विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष झाले. ती शंकरशेट शिष्यवृत्ती म्हणजे गुणांचे बक्षीस. आधी पराक्रम, मग पैसे. बक्षिसाला पुढची अट घालण्याचे कारणच नसते.

दुसरी जात आधाराची. घरची स्थिती पाहून दिलेली. १९५९ साली यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने, ज्या पालकांचे वार्षिक उत्पन्न नऊशे रुपयांच्या आत आहे त्यांच्या मुलांची फी माफ केली. ती मर्यादा पुढे बाराशेवर नेली. हीच ती ई.बी.सी. आपल्यापैकी अनेकांच्या घरातील पहिला पदवीधर या तीन अक्षरांनी घडवला आहे. वडील मंडळींना विचारून पाहा. तेथे पहिले येण्याचा प्रश्न नव्हता. शिकू द्या, एवढेच म्हणणे होते. आपण मात्र आधाराकडेही बक्षिसाच्या डोळ्यांनी पाहतो. नापास झाला? मग बक्षीस कसले! असे आपल्या मनात आपोआप येते, आणि ज्याला आधार हवा आहे त्याच्याही मनात येते. माझा मित्र खिडकीपाशी गेलाच नाही तो या संकोचापोटी. भीक मागतो आहोत असे त्याला वाटले.

मी अटींच्या विरुद्ध आहे असे कृपया कुणी समजू नये. वर्गातील एका चर्चेत आपल्या एका गुरुजनांनी स्पष्ट शब्दांत बजावले होते की सरकारचा पैसा म्हणजे शेतकऱ्याचा, मजुराचा पैसा. जो शिकत नाही त्याने तो घेऊ नये. मला हे पूर्ण मान्य आहे. हजेरीपुरते नाव लावून कट्ट्यावर बसणारे महाभाग आपल्यात आहेत, आणि पैसे जमा झाले की वर्गाकडे पाठ फिरवणारेही आहेत. त्यांच्यासाठी अट हवीच. माझे म्हणणे एवढेच की "शिकत नाही" आणि "पास झाला नाही" या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि त्यांतला फरक ओळखण्याचे काम आपण एका रकान्यावर सोपवले आहे.

या दृष्टीने भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे नियम मोठे वाचनीय आहेत. अनुसूचित जातींसाठी ही योजना १९४४ साली सुरू झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. २०१० साली सुधारून आलेल्या नियमावलीत असे होते की विद्यार्थी पुढच्या वर्गात गेला म्हणजे शिष्यवृत्ती चालू राहील. "पुढच्या वर्गात गेला" असे शब्द. "सर्व विषयांत उत्तीर्ण" असे नव्हेत. म्हणजे ए.टी.के.टी.वाला तेथेही सुरक्षित. आजारपणाने किंवा अकल्पित अडचणीने परीक्षा बुडाली, तर "हा विद्यार्थी बसला असता तर उत्तीर्ण झाला असता" असे प्राचार्यांनी लिहून दिल्यास शिष्यवृत्ती पुढे चालू ठेवता येत असे. किती माणुसकीची तरतूद! शिकवणाऱ्याच्या शब्दाला तेथे किंमत दिलेली आहे. ही तरतूद आपल्या वर्गातील किती जणांच्या कानी गेली असेल? मी सहज दहा जणांना विचारले. एकालाही ठाऊक नव्हती.

पण त्याच नियमावलीत आणखी एक कलम होते, आणि ते वाचून मी खुर्चीत सावरून बसलो. प्रथमच अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती चालू ठेवता येईल, असे ते कलम. मात्र ते पहिल्या गटातील अभ्यासक्रमांना. पहिला गट म्हणजे वैद्यकीय, अभियांत्रिकी वगैरे. बी.ए. करणारे आपण तिसऱ्या गटात. भावी डॉक्टर एकदा नापास झाला तर अभ्यास कठीण होता; कला शाखेचा एकदा नापास झाला तर तो आळशी! असा त्याचा अर्थ कुणी काढला तर त्याला काय उत्तर द्यावे? मला तर वाटते, ज्या शाखेत घरातले पहिलेच शिकणारे सर्वांत अधिक येतात, त्याच शाखेला पहिली चूक माफ असायला हवी.

बाबासाहेबांचे नाव निघाले म्हणून एक हकीकत सांगतो. महाडचे चवदार तळे आपल्याच जिल्ह्यातले, त्यामुळे १९२७ चा सत्याग्रह आपण शाळेपासून शिकतो. त्याच्या दहा वर्षे आधीची गोष्ट मात्र तितकी सांगितली जात नाही. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली अमेरिकेस गेले, तेथून लंडनला गेले. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धा राहिला होता, प्रबंध व्हायचा होता. परत यावे लागले. लंडन विद्यापीठाने एक गोष्ट केली: चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी दिली. मग मुंबईस सिडनॅममध्ये प्राध्यापकी करून पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, एका पारशी मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी.

१९१७ ते १९२०. खंड तीन वर्षांचा! आजच्या अर्जातील "दोन वर्षे किंवा अधिक खंड" ही अट त्यांच्यापुढे ठेवली तर काय होईल? संगणक क्षणाचाही विलंब न लावता "अपात्र" असे उमटवील. आणि ज्या योजनेची ही अट, तिला नाव आहे त्यांना त्या खंडातून बाहेर यायला मदत करणाऱ्या शाहू महाराजांचे. हे मी उपहासाने लिहीत नाही. अट लिहिणाऱ्यांच्या मनात काही वाकडे नसणार. परंतु खंड कशाने पडला, हे विचारायला त्या अर्जात जागाच नाही. बुद्धी तीच, चिकाटी तीच. आधार तुटला म्हणून खंड पडला, आणि खंड पडला म्हणून आधार नाही. या चक्रातून सुटायला लंडन विद्यापीठाने दिले तसे एक चार वर्षांचे दार लागते.

(आपल्याच पेण तालुक्यातील गागोद्याचे विनोबा. त्यांनी १९१६ साली आपली सारी प्रमाणपत्रे चुलीत घातली. आज ते आपल्यात असते तर त्यांना आधी ती स्कॅन करून ठेवा, असे सांगावे लागले असते.)

आता एका मैत्रिणीची गोष्ट, थोडक्यात. नागोठण्याच्या पलीकडच्या गावाहून ती येते. गावातून स्टेशनापर्यंत मिळेल त्या वाहनाने, तेथून रोहा-दिवा गाडीने पेण. ही गाडी चुकली की पुढची केव्हा, हे त्या मार्गाने येणाऱ्यांनाच विचारावे. २०२१ च्या हिवाळ्यात एस.टी.चा संप लागला तेव्हा तिची मोठी बहीण बारावीला होती. ती अशीच घरी बसली ती कायमची. या मैत्रिणीला जी रक्कम मिळते ती फार मोठी नाही. पास, वह्या, परीक्षेची फी यांतच संपते. मी एकदा म्हटलेही, एवढ्याशा रकमेसाठी इतकी धावपळ? ती म्हणाली, "रकमेचे काय! शिष्यवृत्ती आहे तोवर घरात कुणी लग्नाचे काढत नाही. 'सरकार पैसे देतंय, शिकू दे' म्हणतात. ती थांबली ना, की दुसऱ्या दिवशी मामा पाहुणे घेऊन येईल."

मी गप्प झालो. अर्थशास्त्राच्या पुस्तकात हा लाभ कोणत्या मथळ्याखाली घालायचा? एका विषयात चार गुण कमी पडले तर तिचे काय काय जाईल, याचा हिशेब नियम करणाऱ्यांनी केला असेल असे मला वाटत नाही. वीटभट्टीवर आईबापांबरोबर जाणाऱ्या कातकरी मुलांचे तर विचारूच नका. भट्टी दिवाळीनंतर लागते आणि पाऊस जवळ आला की उठते. आपली दुसऱ्या सत्राची हजेरी आणि परीक्षा नेमकी त्याच महिन्यांत. गणपतीच्या कारखान्याने पहिले सत्र खाल्ले, भट्टीने दुसरे. हजेरीचे टक्के ठरवणाऱ्याच्या भिंतीवर आपल्या तालुक्याचे पंचांग टांगलेले नसते.

आणि म्हणून मला शीर्षकातला प्रश्न विचारावासा वाटतो. आमची हजेरी घेतली जाते, घेतली जावी. पण शिष्यवृत्तीची हजेरी कोण घेणार? माझी स्वतःची शिष्यवृत्ती (कोणती ते सांगत नाही, उगाच कुणावर रोख नको) प्रथम वर्षाची होती, ती हाती पडली तेव्हा मी द्वितीय वर्षाच्या दुसऱ्या सत्रात होतो. मधल्या काळात वडिलांनी पतपेढीचे कर्ज काढले. मी अर्ज दोन दिवस उशिरा दिला असता तर "विचार केला जाणार नाही" हे ठरलेलेच होते. पैसे वर्षभर उशिरा आले त्याबद्दल कुणाचा विचार होणार? विद्यार्थ्याने वेळेवर प्रगती करावी यासाठी ही मदत आहे ना? मग मदतही त्या वर्षीच यावी. जो पैसा वर्ष संपल्यावर येतो त्याच्या जोरावर त्याच वर्षीची प्रगती मोजणे म्हणजे पाऊस न पडलेल्या शेतात पिकाची आणेवारी विचारणे. २०२१ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतील केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा करण्याचे धोरण आले, हे चांगलेच झाले. वाट सरळ झाली. आता तारीखही ठरू द्या. ठरलेल्या तारखेपर्यंत रक्कम आली नाही तर त्या सत्रापुरती विद्यार्थ्यावरची प्रगतीची अट लागू करू नये, एवढे एक वाक्य नियमांत घातले तर माझी काही तक्रार उरणार नाही.

हे वाक्य आपल्या हाती नाही, मान्य. जे आपल्या हाती आहे त्याविषयी गुरुजनवर्गाला नम्र विनंती करतो. प्रत्येक शिष्यवृत्तीच्या अटी साध्या मराठीत एका पानावर लिहाव्यात आणि जूनमध्ये प्रत्येक वर्गात मोठ्याने वाचून दाखवाव्यात. त्यात "के.टी. लागली तरी अर्ज भरा" हे वाक्य ठळक असावे. ज्याची हजेरी ऑगस्टमध्येच घसरते आहे त्याला वर्षअखेरीस यादीवर पाहण्याऐवजी तेव्हाच बोलावून "कारखान्यात आहेस का?" असे विचारावे. गणपती झाल्यावर पंधरा दिवस सकाळचे जादा तास ठेवता आले तर आपले कितीतरी चित्रकार वाचतील. कर्मवीर भाऊरावांनी काम करणाऱ्या हातांसाठी शाळा उभ्या केल्या. काम करतो म्हणून मुलगा शिकण्यास नालायक ठरला असता तर रयत शिक्षण संस्था उभीच राहिली नसती. आम्हा विद्यार्थ्यांचेही एक काम आहे. वर्गात दोन-तीन जणांनी अर्ज भरण्यास मदत करण्याचे पत्करावे. स्नेहसंमेलनासाठी आपण रात्री जागवतो; दोन दुपारी यासाठी द्यायला काय हरकत आहे?

हा लेख लिहीत असताना मागच्या रविवारी मी मित्राकडे जाऊन आलो. अंगणात साच्यांतून काढलेल्या मूर्ती वाळत होत्या, डोळ्यांवाचून. मी नियमांचा छापलेला कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो दोनदा वाचला. मग माझ्याकडे न पाहता बोटांवर मोजले: एक वर्ष गेले, दुसरे अजून लागायचे आहे. म्हणजे यंदाच्या जूनमध्ये प्रवेश घेतला तर खंड एकाच वर्षाचा भरतो. "आणि ते दोन विषय?" त्याने विचारले. टिपणे माझ्याजवळ आहेत, असे मी सांगितले. त्याने कागदाची घडी केली आणि रंगाच्या डब्यांमागच्या फळीवर, पावसाचे पाणी येणार नाही अशा जागी ठेवली.